हँडलगेज म्हणजे माणसाला हात असतात तरी किती?

मधली_सीट

परवा सुट्टी संपवून परत आले, मुंबईहून अमेरिका, थेट फ्लाइट, पंधरा-सोळा तासांचं. तिकीट स्वस्तातलं त्यामुळे बोर्डिंगला शेवटून दुसरा ग्रुप. आत शिरून माझ्या ३१ व्या रांगेपर्यंत पोचले तर डोक्यावरची कपाटं दोन्ही बाजूंची बंद. एक उघडून बघते तर आत दोन ट्रॉल्या आडव्या घातलेल्या, त्यांच्यावर ड्यूटी फ्रीची पिशवी, शेजारी साडीच्या दुकानाची ती जाड कापडी पिशवी गच्च भरलेली, आणि उरलेल्या जागेत एक कोट. घडी घालून. कोटाला स्वतंत्र जागा! हा सगळा संसार एकाच कुटुंबाचा, पुढच्या रांगेतल्या नवराबायकोचा आणि त्यांच्या सव्वा वर्षाच्या बाळाचा, आणि मी नुसतं बघितलं तर ताई म्हणाल्या "आमच्या बाळाचीपण बॅग आहे ना". बाळ मांडीवर, सीटसुद्धा नाही त्याला.

माझी एकुलती एक बॅग हवाईसुंदरीने नेली आणि ४२ व्या रांगेत कोंबली. गोळ्या त्यात, चार्जर त्यात, स्वेटर त्यात. मी मधल्या सीटवर (आयडी उगाच नाही घेतलेला), बाजूचे आजोबा झोपलेले, त्यांना दोनदा उठवलं, तिसऱ्यांदा लाज वाटली म्हणून थंडीत बसून राहिले. आणि उतरताना तर अख्खं विमान पुढे चाललंय आणि मी एकटी मागे, वारीत पंढरपूरकडे पाठ करून चालल्यासारखी.

७ किलो आणि एक बॅग असा नियम तिकिटावर छापलेला असताना कोणी मोजत का नाही? तुमचे काय अनुभव? जरा मोकळं होऊ द्या सगळ्यांना.

टेकडीवाला

>>> कोटाला स्वतंत्र जागा

मेलो हसून. कोट माझा नव्हता एवढं आधी सांगून टाकतो.

गेटवर तासभर आधीपासून लोक उभे का असतात हे मला कितीतरी वर्षं कळलंच नव्हतं. म्हणायचो अरे सीट नंबर ठरलेला आहे, एसटीत रुमाल टाकायचाय का? मग कळलं की हो, रुमालच टाकायचाय, फक्त सीटवर नाही, वरच्या कपाटात.

नन्या_न्यूजर्सी

याचं मूळ अमेरिकेत आहे. २००८ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच चेक-इन बॅगेला १५ डॉलर लावले, पाठोपाठ बाकीच्यांनी. त्याआधी बॅग खाली देणं फुकट होतं. मग काय, लोकांनी सगळं वर न्यायला सुरुवात केली, कपाटं भरायला लागली. २०१० मध्ये स्पिरिटने तर वरच्या बॅगेलाच पैसे लावले, म्हणजे खाली दिली तरी पैसे आणि वर नेली तरी पैसे.

खरं तर त्याच्याही मागे जायचं तर चाकांपर्यंत जावं लागेल. चाकवाल्या सुटकेसचं पेटंट १९७२ चं, पण ती आडवी, पट्ट्याने ओढायची. आज आपण ओढतो ती उभी, दांड्याची बॅग १९८७ मध्ये नॉर्थवेस्टच्या एका पायलटने बनवली, स्वतःच्या सोयीसाठी. म्हणजे जोपर्यंत सामान हातात उचलून चालायला लागायचं तोपर्यंत माणूस आपोआप कमी आणायचा. चाकं आली, वजन कळेनासं झालं. कळतं ते एकदम शेवटी, डोक्यावर उचलताना.

शमा_ह

नन्या, पण भारत-अमेरिका तिकिटावर अजून बऱ्याच ठिकाणी २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात की, तरी लोक वर ठासतात. माझं कारण सांगते, शिव्या घाला हवं तर.

चुलतबहिणीच्या लग्नाला निघाले होते, युरोपात विमान बदलायचं होतं, मधे वेळ दीड तास. मी पोचले, बॅग नाही पोचली. सहा दिवसांनी आली, तोवर सीमंतपूजन, लग्न, सत्यनारायण सगळं उरकलं. लग्नात मी मावशीची नऊवारी आणि आत्याचा ब्लाउज, आठ पिना लावून. बॅगेत आईची पैठणी होती, तिच्या लग्नातली. हरवली नाही शेवटी, पण ते सहा दिवस मी जे काढलेत ना! तेव्हापासून जे जिवाचं आहे ते वरच. आणि जिवाचं बरंच असतं.

सुपातले_काका

शमाताई, तुमच्यासारख्यांसाठी माहिती. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान हरवलं, खराब झालं किंवा उशिरा आलं तर माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे, ढोबळमानाने दोन हजार डॉलर. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. बॅग तुटली असेल तर ७ दिवसांत लेखी कळवायचं, उशिरा आली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. आणि तुमच्या नऊवारीच्या आठ पिनांची पावतीसुद्धा जपून ठेवायची. विमानतळावरून बाहेर पडायच्या आधी तिथल्या काउंटरवर तक्रार नोंदवून नंबर घ्या, घरी गेल्यावर फोन करत बसू नका.

पैठणी आईच्या लग्नातली होती हे मात्र कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही, हे कबूल.

बेल्टवरची_बॅग

मी नऊ वर्षं मुंबईला ग्राउंडवर काम केलंय, आता सोडलं, त्यामुळे बोलते.

कोणी मोजत का नाही? मोजतात, काउंटरवर. पण लोक काउंटरवर येतात तेव्हा हातात एकच शहाणी छोटी बॅग असते आणि बाकीचा डोंगर लांब खांबामागे मामांजवळ उभा असतो. चेक-इन झालं की मामा येतात, बोचकी हस्तांतर होतात. हे आम्हाला दिसत नाही असं समजू नका. दिसतं. पण मागे अडीचशे माणसं उभी असतात. काट्यावर बॅग ठेवली की खालून बुटाच्या टोकाने उचलून धरणारे पण बघितलेत मी, चेहरा अगदी भजनाला बसल्यासारखा. एका आजोबांचा ओव्हरकोट तर मे महिन्यात! खिशांत काय होतं विचारू नका, चालताना वाजत होतं.

गेटवर मोजायला गेलं की भांडण. भांडण म्हणजे उशीर, उशीर झाला की आमच्या नावावर. मग सोपा मार्ग म्हणजे शेवटच्या ग्रुपच्या बॅगा काढून घेऊन खाली टाकणे. म्हणजे ज्याने नियम पाळला आणि मुकाट्याने रांगेत मागे राहिला त्याचीच बॅग जाते. हे चूक आहे हे आम्हालाही कळायचं.

पूर्वी हँडबॅगला टॅग लावून त्यावर सिक्युरिटीचा शिक्का मारायचे, आठवतंय? मुंबईसकट मोठ्या विमानतळांवर ते २०१७ मध्ये बंद झालं. गेटवर निदान टॅग मोजून तरी सांगता यायचं की अहो ही तिसरी.

आणि एक, केबिन क्रूला बॅगा उचलून द्यायला लावू नका हो. ते त्यांचं काम नाही. खांदा गेलेल्या दोन मैत्रिणी आहेत माझ्या.

नन्या_न्यूजर्सी

+१. अमेरिकेत तर कित्येक कंपन्यांत विमानाचं दार बंद होईपर्यंत क्रूचं पगाराचं मीटरच सुरू व्हायचं नाही. म्हणजे तुमच्या बॅगांशी झटापट चालायची ती फुकट. डेल्टाने २०२२ मध्ये बोर्डिंगच्या वेळेचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेपण निम्म्या दराने.

फटकळ_फणस

स्पष्ट बोलतो, ही सवय फक्त आपल्याच लोकांना. गोरे बघा, एक छोटी बॅग, एक पुस्तक, बसले गप्प. आपल्याला मात्र अर्धं गाव बरोबर न्यायचं असतं.

टेकडीवाला

फणस, तू कधी अमेरिकेत सोमवारी सकाळचं देशांतर्गत विमान पकडलंयस का रे? डेन्व्हर, शिकागो, कुठलंही घे. दांड्याची बॅग, पाठीवर बॅग, हातात उशी, कोणाची गिटार, कोणाचं कुत्रं. सगळे गोरे. गप्प बसलेले असतात एवढं मात्र खरं.

खाडीपलीकडे

इथे लिहायचं नव्हतं पण फणसांची कमेंट वाचून राहवलं नाही.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. आमच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस आखातात, आणि आखातात म्हणजे ऑफिसात नाही, कोणी ड्रायव्हर, कोणी किचनमध्ये, कोणी साइटवर. माझे अब्बा बावीस वर्षं कुवेतला होते. दोन वर्षांनी एकदा यायचे. तुम्ही सहा महिन्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारता ना काय आणू, तसं नव्हतं. दोन वर्षं ते थोडं थोडं घेऊन ठेवायचे, खोलीत सहा जण, सगळ्यांची खोकी पलंगाखाली. टँगचे डबे, दुधाची पावडर, टायगर बाम, बहिणीला मोजे, आणि ते कोरियन ब्लँकेट, प्लास्टिकच्या चेनवाल्या पिशवीत, वाघाचं चित्र असलेलं. ते ब्लँकेट कधी खाली द्यायचे नाहीत. हातात. कारण खाली दिलं की वजनात धरायचे, आणि वजनात धरलं तर डबे सोडावे लागायचे.

एकदा काउंटरवर खोकं जास्त भरलं. पैसे भरा नाहीतर काढा. त्यांनी तिथेच जमिनीवर बसून दोरी सोडली, सगळ्यांच्या देखत एकेक वस्तू काढली, दोन जाकिटं अंगात घातली, साबण खिशात भरले. ही गोष्ट त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितली होती. मी मोठी झाले, स्वतः विमानात बसायला लागले, तेव्हा मला त्यातलं हसणं कळेनासं झालं.

त्यामुळे आखाताच्या फ्लाइटमध्ये कोणी ब्लँकेट घेऊन आला की मी माझी बॅग पायाखाली घेते. त्याला वर जागा देते. तेवढंच.

मधली_सीट

खाडीपलीकडे, तुमचं वाचून दोन मिनिटं काही टाइप करता आलं नाही. ब्लँकेटला माझी ना नाही, कधीच नसेल.

कोटाला आहे.

घारगे_वडे

आमचा किस्सा. मुलीकडे जाताना पितळी सोऱ्या हातातल्या बॅगेत, कारण मोठ्या बॅगा २३ ला टेकलेल्या. मुंबईला एक्स-रेवर बॅग गेली आणि पट्टा थांबला. जवान स्क्रीनकडे बघतोय, दुसऱ्याला बोलावलं, तिसरा आला. "माताजी ये क्या है?" आता सोऱ्याला हिंदीत काय म्हणतात? मी म्हटलं "चकली". तो म्हणे "चकली तो खाते हैं, ये लोहे का है". मग मी तिथेच दांडा फिरवून दाखवला, चकत्या काढून दाखवल्या, ही शेवेची, ही चकलीची. एका जवानाची बायको अकोल्याची निघाली! त्याने सगळ्यांना समजावलं. सोडलं एकदाचं. मागच्या माणसाचं विमान सुटलं नसेल अशी आशा आहे.

सुपातले_काका

पिठांचंही ध्यानात ठेवा. अमेरिकेला येणाऱ्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर हातसामानात असेल तर ३० जून २०१८ पासून ती वेगळी काढून तपासली जाऊ शकते, आणि समाधान झालं नाही तर आत नेऊ देत नाहीत. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, गोडा मसाला हे सगळं पावडरच. खालच्या बॅगेत टाकलं की कटकट नाही. लोणचं आणि तूप तर १०० मिलीच्या नियमात अडकणारच, तो नियम २००६ पासूनचा, लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला तेव्हापासून.

आणि दुबई-अबूधाबी मार्गे जाणाऱ्यांनी खसखस अजिबात नको. तिथे बंदी आहे, आणि हा गमतीचा विषय नाही. अनारशांवर खसखस असते हे आपल्या लक्षातही येत नाही.

शमा_ह

अनारसे!!! काका, मी दोन वर्षांपूर्वी दुबईमार्गे नेलेत. हातपाय गार पडले आत्ता वाचून.

धावपट्टी_१४

धागा मजेशीर चाललाय पण एक गंभीर मुद्दा राहतोय. अडचण फक्त जागेची नाही.

विमान प्रमाणित करताना अट असते की पूर्ण भरलेलं विमान, निम्मेच दरवाजे वापरून, अंधारात, ९० सेकंदांत रिकामं झालं पाहिजे. त्या चाचणीत कोणी कपाट उघडून ट्रॉली ओढत नाही. प्रत्यक्षात काय होतं? ३ ऑगस्ट २०१६, तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेलं एमिरेट्सचं ५२१, धावपट्टीवर आपटलं, केबिनमध्ये धूर. आतला व्हिडिओ आहे, लोक कपाटं उघडून बॅगा काढतायत, लॅपटॉप लॅपटॉप चाललंय, क्रू ओरडतोय सामान सोडा. ३०० जण होते, सगळे वाचले. थोड्याच वेळात स्फोट झाला, त्यात आग विझवणारा एक जवान गेला.

उलट २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा. जपान एअरलाइन्सचं ए३५० उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं, पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. पण मोठ्या विमानातले ३७९ च्या ३७९ बाहेर, आणि बाहेर आलेल्यांच्या हातात बॅगा जवळपास नाहीतच. अख्खं विमान जळून राख झालं. त्यात ३७९ माणसांच्या किती पैठण्या, किती लॅपटॉप असतील.

फटकळ_फणस

बोलायला सोपं आहे. पासपोर्ट, ग्रीन कार्ड, डिग्रीचे कागद वरच्या बॅगेत. आग लागली म्हणून ते सोडून उतरू? नंतर मी कोण हे कसं सिद्ध करू?

धावपट्टी_१४

फणस, प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच ते वरच्या बॅगेत ठेवायचंच नाही. विमान उडताना आणि उतरताना पासपोर्ट, कार्ड, फोन, औषधं अंगावर. छोटा पाऊच कमरेला किंवा गळ्यात. आमची आजी एसटीत पैसे कनवटीला लावायची ना, तेच. मग कपाटाकडे बघायची वेळच येत नाही.

मधली_सीट

कनवटीचं पटलं. माझ्या गोळ्या पण कनवटीला असत्या तर हा धागाच निघाला नसता.

बेल्टवरची_बॅग

त्यात भर. गेटवर बॅग काढून घेऊन खाली टाकतात तेव्हा आतली पॉवर बँक आधी बाहेर काढा. लोक विसरतात. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या खाली चालत नाहीत, १०० वॉट-अवरपर्यंतच्या केबिनमध्ये बिनपरवानगी चालतात, त्यापुढे १६० पर्यंत विचारून. आणि त्याही कपाटात नको, जवळ ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये कोरियात बुसानजवळच्या विमानतळावर उभ्या विमानाला आग लागली ती वरच्या कपाटातून, पॉवर बँकेचा संशय आहे. १७६ जण होते, सगळे बाहेर पडले. त्यानंतर सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केली, जवळ ठेवता येते फक्त.

कपाट ठासून भरलं असेल तर धूर नक्की कुठून येतोय हे शोधायलाच वेळ जातो.

कल_आज_डोंबिवली

मला तर वाटतं हे सगळं डोंबिवलीच्या लोकलमधल्या बायकांकडे सोपवावं. गाडी भरलेली, पाय ठेवायला जागा नाही, तरी एकीने हाक मारली "ताई बॅग वर घ्या" की पाच हातांतून बॅग रॅकवर जाते, आणि ठाण्याला उतरायच्या आधी तशीच पाच हातांतून खाली येते. कोणाची कोणती हे सगळ्यांना पाठ. कोणी रॅकवर कोट आडवा टाकून तर बघा, ठाण्यापर्यंत त्याच कोटात गुंडाळून ठेवतील.

नन्या_न्यूजर्सी

हाहा. नवीन विमानांत थोडा फरक पडतोय म्हणा, एअरबस आणि बोइंग दोघांनीही कपाटं मोठी केलीत, बॅग आडवी न घालता पुस्तकासारखी उभी ठेवायची. एका कपाटात चारच्या जागी सहा मावतात. पण लोक सवयीने आडवीच घालतात.

ते असो. मधली_सीट, एक प्रश्न मघापासून विचारायचा राहतोय. तुमच्या स्वतःच्या बॅगेचं वजन किती होतं?

मधली_सीट

मी एकच बॅग नेली होती. एक.

नन्या_न्यूजर्सी

संख्या नाही विचारली, वजन विचारलं :)

टेकडीवाला

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

फटकळ_फणस

बोला बोला.

मधली_सीट

बरं. घरी आल्यावर अजून रिकामी केली नव्हती, आत्ता तुमच्यामुळे बाथरूममधल्या काट्यावर ठेवली. ११.२.

मला खरंच माहीत नव्हतं. निघायच्या रात्री मी झोपले आणि आईने "जरा चेन लावून देते" म्हणून बॅग घेतली होती. मी आत्ता तळाशी हात घातला तर दोन टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बिडाचं अप्पेपात्र. बारा खड्ड्यांचं. त्याच्या प्रत्येक खड्ड्यात आमसुलाची पुडी, जागा वाया जाऊ नये म्हणून.

मुंबईच्या एक्स-रेमधून ते गेलं कसं हे बेल्टवरची_बॅग यांनीच सांगावं. आणि त्या हवाईसुंदरीने ते डोक्यावर उचलून अकरा रांगा नेलं. मी तिला थँक्यूसुद्धा तोंड वाकडं करून म्हटलं होतं.

बेल्टवरची_बॅग

सोऱ्या अडतो आणि अप्पेपात्र जातं, नऊ वर्षांत मलाही यातलं लॉजिक सापडलं नाही.

शमा_ह

जिवाचं असतं गं, म्हटलं नव्हतं मी?

घारगे_वडे

बारा खड्ड्यांचं बिडाचं? आम्ही तुळशीबाग पालथी घातली, हल्ली सगळीकडे नॉनस्टिकच दाखवतात. आईंनी कुठून घेतलं ते विचारून सांगशील का? जानेवारीत परत चाललेय मुलीकडे.

मधली_सीट

विचारते. पण खालच्या बॅगेत न्या हां.

घारगे_वडे

बघू, खाली जागा उरली तर.